शिळ्या भाताची वीज

आमच्या गंजाडच्या वसतिगृहात रात्रीचा भात मुद्दाम जास्त शिजवतात. तो उरत नाही, उरवलेला असतो. मुली जेवून उठल्या की आमची स्वयंपाकाची बारकी तो मोठ्या पातेल्यात काढते, वर पाणी ओतते, तोंडाला फडकं बांधते आणि मोरीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवून देते. सकाळपर्यंत शितं फुगून येतात, पाण्याला आंबूस वास सुटतो. त्यात मीठ, चिरलेला कांदा, असली तर सुक्या मिरचीची चटणी. वाट्या भरभरून ते पिऊन मुली शाळेला पळतात, आणि दुपारच्या खिचडीपर्यंत त्यांना भुकेची आठवण होत नाही. घरीही त्या हेच खातात. आमच्याकडच्या पाड्यांवर शेतात नाहीतर मजुरीला जाणारा माणूस हेच पोटात घालून निघतो.

हे आधी सांगते आहे, कारण पुढचं सगळं या एका पातेल्यावरून झालं, आणि ते आठवलं की आजही जप करताना माझी माळ थांबते.

मी इथली गृहमाता. माझं माहेर आणि सासर दोन्ही डहाणूच्या किनाऱ्याकडचं, चिकूच्या वाड्यांमधलं. मुली काकी म्हणतात. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपास आमच्या घरात सगळ्याच बायका करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण इथे कामाला आले तेव्हा महालक्ष्मीला नमस्कार करून मी आणखी एक नेम धरला, तो रोजचा. सकाळी मुलींच्या पोटात घास गेल्याशिवाय आपण पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. नेम तसा सोपा होता. मुली लवकर खातात, त्यांच्यामागून माझा चहा. इतकी वर्षं तो नेम आहे हे मलाही वेगळं लक्षात ठेवावं लागलं नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात एक सकाळ अशी झाली की एक तरुण माणूस छत्री घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. संस्थेचे सचिव नविनभाई यांनी पाठवलंय म्हणाला. इकडेतिकडे फिरला, मोबाइलवर फोटो काढले, पातेल्यावरचं फडकं उचलून आत डोकावला आणि नाकाला रुमाल लावून बारकीला हिंदीत विचारलं, हे कालचं आहे का. बारकी म्हणाली, हो, कालचं. तिनं खरं तेच सांगितलं. तो पाहुणा चहा न घेताच गेला आणि आम्ही त्याला विसरलो.

दिवाळीनंतर विनिता आली. मुंबईहून आलेली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, पायांत बूट, पाठीवर पिशवी. एका मोठ्या कंपनीच्या निधीतून आमच्या वसतिगृहाला टाकाऊ अन्नापासून वीज करण्याचं यंत्र मिळालं होतं आणि ते उभं करून द्यायचं तिचं काम होतं. स्वयंपाकघरामागच्या पडवीत तिनं झाकणबंद पिंपं ओळीनं मांडली. प्रत्येक पिंपात काळ्या जाड कापडासारखी एक चीज, ती कोळशाच्या धाग्यांची असते म्हणे, आणि तिला बांधलेली तार. मग ती डहाणूच्या खाडीवर जाऊन बादल्या भरून चिखल घेऊन आली. बारकीनं पदर नाकाला लावला आणि विचारलं, बाई, नुसता चिखल आणलात, निवटी कुठे ठेवलीत? चिखलातली ती मासळी आमच्याकडे चवीनं खातात. विनिताला निवटी माहीत नव्हती. बारकीनं तिला हातानं उड्या मारून दाखवली, आणि त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

चिखल कशाला, ते विनितानं मुलींना बसवून समजावलं. चिखलात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. हवा नसलेल्या जागी त्यांना अन्न घातलं की ते ते खातात, पचवतात, आणि पचवताना त्यांच्याकडून विजेचे कण सुटतात. ते कण काळ्या कापडावर उतरतात, तारेतून पिंपाच्या दुसऱ्या, हवा लागणाऱ्या बाजूला जातात. वाटेत दिवा जोडला तर दिवा लागतो. एका पिंपाची वीज अगदी थोडी, म्हणून ओळीतली सगळी पिंपं एकमेकांना जोडायची, वीज साठवायची. घर उजळणार नाही, हे तिनं आधीच सांगितलं. पण संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन छोटे दिवे लागतील.

मला ते फार आवडलं. त्या वाटेवर पावसाळ्यात साप निघतात आणि आमच्याकडे वीज मनाला येईल तेव्हा जाते. आणि खरं सांगायचं तर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवालाही खाऊ घालायचं आणि त्यानं प्रकाश द्यायचा, यात मला देवाचीच करणी दिसली. मी तांदळाचं धुवण, भाजीची देठं, केळीची सालं बादलीत जमवून ठेवायला लागले. नववीतली हिरकणी विनिताच्या मागे मागे असायची. वेवजीच्या पाड्यावरची ही पोर, बोलायला कमी, हाताला चपळ. तारांची टोकं सोलायची, झाकणं घट्ट करायची. पिंपांना जीव धरायला वेळ लागला, पण एका संध्याकाळी वाटेवरचा पहिला दिवा लागला. वालाच्या दाण्याएवढा असेल. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हिरकणीनं वाजवल्या नाहीत, ती दिव्याखाली जाऊन आपला हात उजेडात धरून बघत राहिली.

मग विनिता म्हणाली, आता रोजचं अन्न सुरू करू या, कुठे असतं?

बारकीनं तिला टोपली दाखवली. भेंडीची डोकी, कांद्याची सालं. तीही कोंबड्यांशी वाटून घ्यायची होती. विनिता म्हणाली, हे नाही, शिजवलेलं. तुमच्याकडे रोज खूप भात वाया जातो, त्याच हिशेबानं एवढी पिंपं आणली आहेत. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्या मुली ताट बोटानं पुसून खातात. ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकतात. ते मी चातुर्मासात करायचे, त्यांनी बघून उचललं. वाया जायला जागाच कुठे आहे? तेव्हा विनितानं मोबाइल काढून पावसाळ्यातल्या त्या माणसानं काढलेला फोटो दाखवला. आमचं पातेलं. फडकं बाजूला केलेलं, वर पाणी, खाली भात.

बारकी हसत हसत जमिनीवर बसली. "अगं बाय, ही आमची न्याहारी!"

विनिता हसली नाही. तिचा चेहरा लालच झाला. बिचारीनं तिथूनच नविनभाईंना फोन लावला.

नविनभाई दुसऱ्याच दिवशी आले. माणूस गोड बोलणारा. मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात, सगळ्यांना भाई आणि बेन. संस्थेसाठी पैसा आणावा तर त्यांनीच, हे मी नाकारत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की चूक झाली असेल, पण आता ती चूक कंपनीला सांगितली तर निधी परत जाईल, पिंपं जातील, पुढे कोणी दारात उभं करणार नाही. आणि जानेवारीत कंपनीच्या मोठ्या बाई उद्घाटनाला येणार आहेत. तेव्हा उद्यापासून हे पातेलं यंत्राला जाईल. मुलींना सकाळी बिस्किटाचे पुडे देऊ, तेही कंपनीकडूनच. मी काही म्हणायच्या आत त्यांनी आवाज आणखी मऊ केला आणि विचारलं की पुष्पाबेन, मुलींना शिळं खाऊ घालता हे बाहेर कळलं तर कसं दिसेल?

मी विचारलं, मग रात्री तेवढा तांदूळ कमी शिजवू का? खायचा नसेल तर तो चुलीवर कशाला चढवायचा?

ते म्हणाले, नाही नाही, शिजवा तेवढाच. उरायला तर हवा.

मी तिथे उभी होते आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. टाकण्यासाठी शिजवायचं. मुलींच्या वाट्याचं धान्य, मुलींच्याच नावानं आलेलं, चुलीवर शिजवायचं, आंबवायचं आणि पिंपात ओतायचं, म्हणजे वाया गेलेल्या अन्नापासून वीज होते हे सिद्ध होईल. मी म्हटलं की आमच्या वाडीत झाडाखाली चिकूचा खच पडलेला असतो, सडका, पक्ष्यांनी टोचलेला. टेम्पो भरून पाठवते. विनिता लगेच म्हणाली की चिकू तर उत्तम, साखर भरपूर, जिवाणू खूश होतील. नविनभाईंनी तिच्याकडे बघितलं आणि फलक छापायला गेलाय एवढंच सांगितलं. फलकावर काय होतं ते नंतर कळलं. 'मुलींनी टाकलेल्या अन्नातून प्रकाश.'

टाकलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बिस्किटं आली. पहिले काही दिवस धाकट्या मुलींना मजा वाटली. मग प्रार्थनेच्या वेळी कुणाला घेरी यायला लागली, कुणाचं पोट दुखायला लागलं. पाचवीतली सोनी तर रांगेत उभ्या उभ्या खाली बसायची. मुलींनी तक्रार केली नाही. या मुली तक्रार करत नाहीत, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की त्यांना काही होत नाही.

माझ्यापुढे वेगळाच प्रश्न पडला. बिस्किट म्हणजे घास का? पहिल्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी देवापुढे उभी राहिले आणि मनाशी खूप वाद घातला. पोटात काहीतरी गेलं आहे, मग नेम मोडत नाही, असं एक मन म्हणायचं. पण मी नेम धरला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मला माहीत होतं ना. पोट भरलेली पोर होती. चहा मोरीत ओतला. तेव्हापासून मी दुपारी शाळेची खिचडी मुलींच्या ताटात पडेपर्यंत थांबायला लागले. मला त्रास नव्हता, उपासाची सवय आहे. पण बारकीनं ओळखलं आणि तिनं ते नविनभाईंच्या कानावर घातलं, माझी दया येईल म्हणून. ते हसून म्हणाले, पुष्पाबेनचे तर रोजचेच उपास.

मी कुणाशी भांडले नाही. मला भांडता येत नाही, आवाज चढवला की तो फाटतो. मी फक्त दर वेळी ते आले की तेच विचारायचे, पातेलं मुलींना कधी परत मिळणार? आणि ते दर वेळी म्हणायचे, उद्घाटन होऊ द्या. माझ्या आत मात्र काहीतरी चढत चाललं होतं. रोज रात्री बारकी भात पाण्यात घालायची आणि रोज सकाळी विनिता मान खाली घालून तो बादलीनं पिंपांत ओतायची. एकदा ती मला म्हणाली की काकी, खरं तर हे यंत्र खूप चांगलं आहे, याला दोष देऊ नका. मी म्हटलं, जिवाणूंचा काय दोष, बाळ. त्यांना जे घालतील ते खातात.

उद्घाटनाच्या आठवड्यात नविनभाई सकाळी सकाळी फलक लावणाऱ्या माणसाला घेऊन आले. पडवीच्या मागे त्यांना हिरकणी दिसली. यंत्रासाठी काढून ठेवलेल्या बादलीतला भात ती वाट्यांमध्ये घालत होती, आणि समोर सोनी आणि तिच्याएवढ्या दोघीतिघी उकिडव्या बसून भुरके मारत होत्या. मिठाची पुडीही आणलेली. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. वाटेवरचा दिवा मंद होतोय म्हणून विनिता तारा तपासत होती, तो का मंद होतोय ते आता कळलं.

नविनभाई ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले की ही चोरी आहे. मुलीच्या बापाला बोलवा, तिला घेऊन जाऊ दे. पाहुण्यांसमोर असलं काही नको, आणि इतर मुलींनाही कळायला हवं.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. म्हटलं, नववीचं वर्ष आहे, वेवजीहून रोज इथे यायचं तर पोर शाळाच सोडेल, तिकडे गेली की वीटभट्टीवर नाहीतर उंबरगावच्या कारखान्यात बापाबरोबर जाईल. ते स्कूटरवर बसले, किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, "पुष्पाबेन, तुम्ही देवाचं माणूस. तुम्ही यात पडू नका."

देवाचं माणूस! म्हणजे काय, तर ज्याला दिसतं पण बोलायचं नसतं असं माणूस. त्या दिवशी संध्याकाळी मी आरती म्हटली ती निम्म्यातच थांबली. निरांजन तसंच देवापुढे ठेवून दिलं.

हिरकणीला मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, मग नविनभाई तुम्हालाही बोलले असते.

हिरकणीचा बाप शुक्रा उद्घाटनाच्याच दिवशी पोहोचला, कारण त्याआधी त्याला मजुरीवरून सुट्टी मिळाली नाही. पहाटे निघून, एक जीप बदलून, थोडं चालून आला. बारीक, उन्हानं रापलेला माणूस, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा. नविनभाईंनी त्याला बघितलं आणि सांगितलं की कार्यक्रम होईपर्यंत मागे चुलीकडे बस, मग मुलीचं सामान घेऊन जा. तो जाऊन बसला. हिरकणीची पत्र्याची पेटी तिथेच भिंतीला लावून ठेवली होती.

गाड्या आल्या. कंपनीच्या बाई वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, पांढरे केस, सुती साडी. बरोबर फोटो काढणारे. पडवीला झेंडूची तोरणं, पिंपांना हळदकुंकू, आणि मधोमध टेबलावर आमचं पातेलं. पातेल्याला हार घातलेला. नारळ झाला. मग नविनभाईंनी सांगितलं की ज्यांच्या हातून या मुलींना रोज अन्न मिळतं, त्या आमच्या पुष्पाबेनच्या पवित्र हातानं यंत्राला पहिला घास. मला हे त्याच सकाळी सांगितलं होतं. नवी साडी नेसा म्हणाले होते.

मी भात वाढायचं डावल हातात घेतलं. पिंपाचं झाकण विनितानं उघडून धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. माझा आवाज लहान, म्हणून दोन शब्द बोला म्हणत नविनभाईंनी स्वतःच माइक माझ्या तोंडाशी धरला.

मी म्हटलं, "बाई, हे टाकलेलं अन्न नाही. ही या मुलींची सकाळची न्याहारी आहे. पाण्यात ठेवलेला भात आमच्याकडे सगळे खातात. आज या मुली बिस्किट खाऊन उभ्या आहेत. आणि ती तिकडे पेटीजवळची पोर, तिनं यातला भात धाकट्यांना वाढला, म्हणून तिला चोर म्हणून घरी पाठवताहेत."

माइक दूर झाला, पण तोवर बोलून झालं होतं. पिंपाकडे न जाता मी डावल पातेल्यात परत ठेवलं आणि मुलींना म्हटलं, वाट्या घेऊन या.

एकही मुलगी हलली नाही. त्या माझ्याकडे बघत, नविनभाईंकडे बघत, मग आपल्या पायांकडे बघत. बारकीनं रोजच्यासारखी ताटली वाजवली, तरी नाही. इतक्या मोठ्या माणसांसमोर त्यांना कोण घाबरवत होतं हे कंपनीच्या बाईंना कळलं की नाही, मला माहीत नाही. मला तेव्हा असं झालं की जमीन दुभंगावी. मी बोलून तर बसले, आणि आता हे पातेलं इथेच राहणार, हार घालून.

तेव्हा चुलीकडून शुक्रा उठून आला. हातात हिरकणीची वाटी होती, पेटीतून काढलेली. तो गर्दीतून सरळ टेबलापाशी आला.

"मला वाढा, बाई. पहाटेपासून पोटात काही नाही."

मी वाढलं. बारकीनं मीठ आणि कांदा आणला. तो तिथेच पिंपाला टेकून खाली बसला आणि जेवला. घाईनं नाही, नीट, कांद्याचा तुकडा चावत, मधे मधे पाणी भुरकत. सगळे पाहुणे उभे, फोटो काढणाऱ्याचा हात खाली आलेला. वाटी संपल्यावर त्यानं ती पुढे केली आणि मी पुन्हा भरली. मग सोनी आली. मग तिच्यामागे दोघी. मग वाट्यांचा आवाज झाला आणि सगळ्या आल्या.

कंपनीच्या बाई विनिताशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या. विनितानं खाली मान घालून पण स्पष्ट उत्तरं दिली. बाईंनी मुलींकडे एकदा बघितलं. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. चहा घेऊन, पुढे तलासरीला जायचं आहे असं सांगून गेल्या.

गाड्यांची धूळ बसली तसे नविनभाई खुर्ची ओढून पडवीत बसले. त्यांचा गोडवा आता पातळ झाला होता. खुर्ची त्यांनी शुक्राकडे वळवली. म्हणाले की झालं ते झालं, मी मोठं मन करतो. मुलीनं सगळ्यांसमोर चोरीची माफी मागावी, मग राहू दे तिला.

मला वाटलं शुक्रा चिडेल. तो चिडला नाही. त्यानं पेटीकडे बघितलं, मग पोरीकडे. "माग गं," तो हळूच म्हणाला. "शिकायचंय ना तुला."

हे ऐकून मला जे झालं ते नविनभाईंच्या कुठल्याही बोलण्यानं झालं नव्हतं. ज्या माणसानं आत्ता सगळ्यांसमोर बसून तो भात खाल्ला, त्याला आपल्या पोरीला चोर म्हणवून घ्यायला सांगावं लागत होतं. मी पुढे झाले आणि हिरकणीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, ती माफी मागणार नाही. मागायला लावलीत तर मीही आजच पेटी भरते.

हिरकणी म्हणाली, "कशाची मागू ते सांगा, मग मागते."

"भात चोरल्याची," नविनभाई म्हणाले.

शुक्रानं डोकं खाजवलं. त्याला उलट बोलायची सवय नव्हती, ते दिसत होतं. मग त्यानं विचारलं, "साहेब, भात होता कुणाचा?"

"संस्थेचा."

"आणि संस्था?"

नविनभाईंना भाषणाची सवय. ते लगेच म्हणाले की संस्था या मुलींचीच, आम्ही तर सेवक आहोत.

"मग झालं," शुक्रा म्हणाला आणि उठला. पेटी उचलून त्यानं मुलींच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवली, जीप चुकेल म्हणाला, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून निघाला. नविनभाई खुर्ची सरकवून उठले. बारकी तोंडात पदर घालून हसत होती. मला हसू आलं नाही. हिरकणी राहिली, पण तिला कुणी निर्दोष म्हटलं नाही. तिला राहू दिलं, एवढंच.

पातेलं मुलींकडे परत आलं. पिंपं मात्र फेब्रुवारीत गेली. आमच्याकडे पुरेसं अन्न वाया जात नाही, त्यामुळे ही जागा प्रकल्पाला अयोग्य आहे, असं कंपनीनं ठरवलं. संस्थेच्या सभेत नविनभाईंनी ते सगळ्यांना सांगितलं, अशा सुरात की जणू मुलींनीच काहीतरी कमी केलं. चिकूवरही पिंपं चाललीच असती, हे विनितानं वर दोनदा कळवलं होतं. तिला कुणी उत्तर दिलं नाही. वाटेवरचे दिवे काढून नेले. मुली पुन्हा कंदील घेऊन जायला लागल्या.

मे महिन्यात सुट्टीत मी हिरकणीला तिच्या गावी सोडायला निघाले. तलासरीला महामार्गावर जीप थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, तसं एका मोठ्या हॉटेलात आम्हीही पाणी प्यायला गेलो. हिरकणीनं माझा हात ओढला. काचेपलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला, आमची पिंपं ओळीनं उभी होती. तिनं बांधलेल्या तारेच्या गाठी तिनं ओळखल्या. वरती दिव्यांची माळ, भर दुपारी लावलेली. एक पोऱ्या ताटं आणून ओतत होता. अर्ध्या चपात्या, हातही न लावलेला पुलाव, पनीरचे अख्खे तुकडे, वर कागदी रुमाल चिकटलेले. गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत कंपनीचं मानपत्र होतं, हार घातलेलं. अन्नाचा सन्मान केल्याबद्दल.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ताट पुसून खाणाऱ्या मुलींच्या वाटेवर अंधार, आणि इथे टाकून उठणाऱ्यांना मानपत्र. त्या दिवशी एकादशी होती. पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं.

गल्ल्यावरचा माणूस मला मानपत्राकडे बघताना पाहून खूश झाला. गुजराती वळणानं म्हणाला की बेन, आपल्याकडे यंत्र एक दिवस बंद पडत नाही, रोज भरभरून माल असतो, कधी कमी पडत नाही.

मी म्हटलं, "कधीतरी कमी पडू द्या."

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हिरकणी तोवर बाहेर जाऊन जीपपाशी उभी होती.